त्वचा कोणती आणि लेप कोणता?

कार्तिक सरत आला की आदिलाबादच्या बाजार समितीकडे कापसाने भरलेल्या गाड्यांची रीघ लागते, आणि त्याच सुमारास घरोघरी आरशापुढची वर्दळही वाढते. कुणाचे ओठ फुटलेले असतात, कुणाचे गाल तडतडलेले असतात, कुणाच्या टाचांना भेगा पडलेल्या असतात. मग बाजारातून मलमाची एक डबी घरात येते, आरशाशेजारच्या कोनाड्यात तिला जागा मिळते आणि साठीच्या आजीपासून सोळा वर्षांच्या नातीपर्यंत सारे घर त्या एकाच डबीत बोट घालते. आजीच्या टाचांना थोडाफार आराम पडतो. नातीच्या कपाळावर मात्र आठवड्याभरात मुरुमांचे पीक येते. यात दोष डबीचा नसतो आणि नातीचाही नसतो. एका घरात राहणाऱ्या माणसांची त्वचा एकसारखी नसते, एवढी साधी गोष्ट आपण विसरलेलो असतो.

कपडा घेताना आपण माप पाहतो, चष्मा घेताना डोळे तपासतो. परंतु चेहऱ्याला काय लावावे हे मात्र शेजारणीच्या सांगण्यावरून किंवा जाहिरातीतल्या चेहऱ्यावरून ठरवतो. ही चूक आमच्या हातूनही घडली आहे आणि तिची किंमत आमच्या घरातल्याच एका मुलीने मोजली. ती हकीकत पुढे येईलच. तत्पूर्वी त्वचेची ओळख करून घेऊ.

तीन ऋतू, तीन प्रदेश

पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना या जिल्ह्याचे हवामान काय सांगावे! साऱ्या तेलंगणात थंडीचा कडाका सर्वाधिक जाणवतो तो आपल्याकडे. काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. तोच पारा वैशाखात ४५ अंशांच्या घरात जातो. मधल्या पावसाळ्यात हवा इतकी दमट होते की अंगावरचा घाम वाळत नाही. वर्षाकाठी जणू तीन निरनिराळ्या प्रदेशांत राहून यावे, तशी आपली त्वचा या तीन ऋतूंतून जाते. मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्या नातेवाइकांनी आवर्जून पाठवलेले मलम आपल्याकडे पौषात अपुरे पडते, आणि थंडीत गुण देणारे दाट मलम श्रावणात चेहऱ्यावर चिकट थर होऊन बसते, त्याचे कारण हेच.

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थराची रचना विटांच्या भिंतीसारखी असते. चपट्या, निर्जीव पेशी या विटा, आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ हा चुना. हा चुना शाबूत असेपर्यंत आतला ओलावा आत राहतो आणि बाहेरची धूळ, जंतू व रसायने बाहेर राहतात. शिवाय त्वचेतील तैलग्रंथी वरून एक पातळ तेलकट थर देत असतात. कोरड्या थंडीने, कढत पाण्याने किंवा तीव्र साबणाने चुना झिजला की त्वचा ओढल्यासारखी होते, खाजते आणि फुटते. तैलग्रंथी अधिक काम करू लागल्या की रंध्रे तुंबतात आणि मुरूम येतात. कुणाची त्वचा कोणत्या बाजूला झुकते, हे जन्म, वय, ऋतू आणि कामधंदा मिळून ठरवतात.

घरच्या घरी परीक्षा

ही परीक्षा करायला उपकरण लागत नाही. एक तास आणि थोडा संयम पुरेसा आहे. चेहरा कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावा, मऊ कापडाने न चोळता टिपून घ्यावा आणि त्यानंतर तासभर त्यावर काहीही लावू नये. पावडर नाही, तेल नाही, मलमही नाही. तासानंतर उजेडात आरशासमोर बसावे आणि पातळ टीपकागदाचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी व दोन्ही गाल यांवर हलकेच दाबून पाहावेत.

कागद सगळीकडे कोरडा राहिला, बोलताना वा हसताना त्वचा ओढल्यासारखी वाटली, बारीक कोंडा दिसला, तर ती कोरडी त्वचा. सगळीकडे तेलाचे ठिपके उमटले आणि चेहरा चकाकू लागला, तर ती तेलकट. कपाळ, नाक व हनुवटी यांवर तेल आणि गाल मात्र कोरडे, ही मिश्र त्वचा; ती बऱ्याच जणांत आढळते. ना ओढ, ना चकाकी, अशी असेल तर ती सामान्य. याखेरीज संवेदनशील म्हणून ज्या त्वचेचा उल्लेख होतो, तो वेगळा प्रकार नसून एक स्वभाव आहे. नवा साबण लावला की आग होते, थोड्या उन्हाने चेहरा लाल होतो, अशी त्वचा कोरडीही असू शकते आणि तेलकटही.

ही परीक्षा वर्षातून एकदा करून भागत नाही. एकदा पौषात आणि एकदा ज्येष्ठ-आषाढात करावी. एकाच व्यक्तीचे दोन उत्तरांत अंतर पडलेले पाहून नवल वाटू देऊ नये. वयाबरोबरही उत्तर बदलते. सोळाव्या वर्षी तेलकट असलेली त्वचा पन्नाशीनंतर, विशेषतः मासिक पाळी थांबल्यावर, कोरडी पडू लागते. म्हणूनच आजीचे मलम नातीला चालत नाही.

साबण, पाणी आणि बंब

निगा राखण्याचा प्रारंभ मलमापासून नव्हे, धुण्यापासून होतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो. नेहमीचा साबण अल्कधर्मी, म्हणजे ९ ते १० पीएचचा असतो. म्हणून कोरड्या त्वचेच्या माणसाने चेहऱ्याला दिवसातून अनेकदा साबण लावणे म्हणजे भिंतीचा चुना स्वतःच्या हाताने खरवडणे होय. आपल्याकडील अनेक गावांत बोअरवेलचे पाणी जड असते. त्यात साबणाचा फेस होत नाही आणि त्याचा साका त्वचेवर बसतो. अशा वेळी साबण कमी वापरावा आणि अंग भरपूर पाण्याने धुवावे.

साबणाच्या वेष्टनावर टीएफएम हा आकडा छापलेला असतो. तो त्यातील स्निग्धाम्लांचे प्रमाण सांगतो. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या साबणात हे प्रमाण किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६० टक्के असावे लागते. सुगंध आणि रंग यांवरून साबण निवडण्यापेक्षा हा आकडा वाचणे अधिक शहाणपणाचे. कोरड्या त्वचेसाठी अधिक आकड्याचा साबण घ्यावा, किंवा साबणविरहित सौम्य वडी मिळाली तर ती अधिक बरी.

आणि बंबातले ते कढत पाणी! थंडीच्या पहाटे त्याचे सुख आम्हांसही ठाऊक आहे. पण तेच पाणी त्वचेतील उरलीसुरली स्निग्धता धुऊन नेते. पाणी कोमट असावे, स्नान दहा मिनिटांत आटोपावे आणि अंग किंचित ओलसर असतानाच तेल वा मलम लावावे. कोरड्या अंगावर लावलेले तेल वरवर राहते. ओलसर अंगावर लावलेले तेल ओलावा आत कोंडून ठेवते. एवढा एक बदल केला तरी पौषातली निम्मी खाज कमी होईल असा आमचा अनुभव आहे.

कोणास काय मानवेल

कोरड्या त्वचेस दाट मलम हवे. साधे पेट्रोलियम जेली, ग्लिसरिनयुक्त मलम किंवा खोबरेल तेल यांनीही उत्तम काम भागते. त्यासाठी महागड्या बाटलीची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातील गोंड शेजारी मोहाच्या बियांचे तेल अंगाला लावतात आणि कोकणात टाचांच्या भेगांना कोकमाचे तेल लावण्याची चाल आहे. दोन्ही थंडीत घट्ट होणारी तेले असून भेगांवर ती चांगली बसतात. टाचांसाठी रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून, पुसून, तेल लावून सुती मोजे घालून झोपावे. कापूस वेचून बोंडाच्या टोकदार कडांनी बोटे सोलवटतात त्यांनाही हाच उपाय.

तेलकट त्वचेस दिवसातून दोनदा धुणे पुरे. तेल निघावे म्हणून वारंवार घासल्याने मुरूम कमी होत नाहीत, उलट चिडतात. अशा त्वचेस पातळ, पाण्याचा अंश अधिक असलेले मलम घ्यावे, आणि केसांचे तेल कपाळावर ओघळणार नाही याकडे लक्ष द्यावे. आपल्या मुलींच्या कपाळावरील पुटकुळ्यांचे मूळ पुष्कळदा चपचपीत वेणीत असते. मिश्र त्वचेस गालांना एक आणि कपाळाला दुसरे असे वागवावे लागते, आणि त्यात विचित्र असे काही नाही.

घरगुती उपायांविषयीही दोन शब्द. दिवाळीचे आपले उटणे आणि तेलुगू शेजाऱ्यांची सुन्निपिंडी या एकाच कुळातल्या. डाळीचे पीठ तेल शोषून घेते, म्हणून तेलकट त्वचेस ते मानवते. कोरड्या त्वचेच्या माणसाने त्यात साय किंवा तेल कालवावे आणि रोज घासू नये. मुलतानी मातीही तेल शोषणारी, तेव्हा ती थंडीत कोरड्या गालांवर लावणे व्यर्थच नव्हे तर अपायकारक. लिंबाचा रस चेहऱ्यास लावून उन्हात जाणे मात्र कुणीच करू नये. त्याने भाजल्यासारखे काळे डाग पडतात. खायचा सोडा आणि दात घासायची पेस्ट यांची जागा मुरुमांवर नाही. घरातली वस्तू म्हणजे निर्धोक वस्तू, हा समज सोडावा.

टिकलीचेही तसेच. काही टिकल्यांच्या गोंदातील रसायनाने नेमक्या त्या जागेची त्वचा पांढरी पडते, हे त्वचारोगतज्ज्ञांनी पूर्वीच नोंदवून ठेवले आहे. कपाळावर खाज वा फिकट ठिपका दिसू लागताच टिकली बंद करावी.

ऊन आणि शेतातला सदरा

बेला, जैनथ, तामसी या बाजूच्या शेतांत कापूस वेचणाऱ्या बाया लुगड्यावर पुरुषाचा लांब बाह्यांचा सदरा घालतात आणि डोक्यावरून कापड घेतात. शहरातल्या मुली त्याला कधी हसतात. वस्तुतः उन्हापासून त्वचेचे रक्षण करण्याचा याहून स्वस्त आणि खात्रीचा मार्ग नाही. वांग, म्हणजे गालांवरचे तपकिरी डाग, उन्हाने गडद होतात. ऊन टाळल्यावाचून त्यांवर कोणतेही मलम टिकाऊ काम करीत नाही. सनस्क्रीन वापरायचे असेल तर एसपीएफ ३० पुरेसे आहे. ते त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते. मात्र चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटे भरतील एवढे घ्यावे लागते आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे लागते. वाटाण्याएवढे लावून दिवसभर निर्धास्त राहणे फसवे आहे.

गोरेपणाची नळी

आता ती हकीकत. आमच्या नात्यातील एका मुलीचे लग्न जमण्याच्या बेतात होते. मुलगी हुशार, हसतमुख, रंगाने सावळी. पाहण्याचा कार्यक्रम महिन्यावर आला, तेव्हा कुणीतरी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या एका नळीचे नाव सुचवले. ‘‘पंधरा दिवसांत उजळेल,’’ असे सांगण्यात आले आणि आम्हीही मान डोलावली. नळी आणून देणाऱ्यांत आम्ही होतो, हे येथे लिहिणे आम्हांस भाग आहे.

पंधरा दिवसांत मुलगी खरोखर उजळली. सर्वांनी नळीची वाखाणणी केली. पुढे चार महिने ती ते मलम लावत राहिली. एकदा नळी संपली, दुसरी आणायला उशीर झाला, आणि दोन दिवसांत तिचा चेहरा लालबुंद होऊन पेटल्यासारखा जळू लागला. ऊन सोसेना, चुलीची धग सोसेना. गालांवर बारीक तांबड्या शिरा उमटल्या, लव दाट झाली, मुरुमांनी हनुवटी भरून गेली. मलम पुन्हा लावले की आग थांबे, सोडले की दुप्पट होई. अखेर त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. नळी पाहताच त्यांनी आम्हांस विचारले, ‘‘हे कुणी लिहून दिले?’’ आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्या नळीत स्टिरॉइड होते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही अशा औषधांची नावे. योग्य रोगावर, योग्य मुदतीपुरती, वैद्यांच्या सल्ल्याने ती मोलाची आहेत. पण रंग उजळवण्यासाठी चेहऱ्यावर महिनोन् महिने चोळण्याची ती वस्तू नव्हे. त्यांनी त्वचा पातळ होते आणि त्वचेला त्यांची सवय जडते. हे आमच्याच घरी घडले असे नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील अनेक ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेल्या पाहणीत, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे लावत असल्याचे आढळले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांना ती डॉक्टराखेरीज अन्य कुणीतरी सुचवली होती. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. तरी गजकर्णावर वा नायट्यावर म्हणून मिळणाऱ्या मिश्र मलमांत ती आजही असतात. खाज थांबते आणि नायटा मात्र आतून पसरत जातो.

याहून भयंकर प्रकार नावापत्त्याविना विकल्या जाणाऱ्या गोरेपणाच्या मलमांचा. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून अशा मलमांत तो मिसळला जातो; तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडांत जातो. २०२३ साली अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना विकार जडल्याची बातमी आली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेता त्यांनी वापरलेल्या मलमात पारा मोठ्या प्रमाणात असल्याचे निघाले. त्याच वर्षी केरळातील डॉक्टरांनीही अशा रुग्णांची नोंद केली. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार साध्या प्रसाधनात नकळत आलेला पाराही दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. अकोला आपल्यापासून दूर नाही, आणि घरोघरी फिरणारी अशी डबी तर त्याहूनही जवळ आहे.

१९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली आपल्या नावातील गोरेपणाचा शब्द काढून टाकला. नाव बदलणे कंपनीच्या हाती होते. वधूवरांच्या जाहिरातीतला ‘गोरी’ हा शब्द काढणे मात्र आपल्या हाती आहे.

घेण्यापूर्वी आणि लावण्यापूर्वी

डबी हाती घेतली की आधी तिची मागची बाजू वाचावी. उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, तुकडीचा क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी यांपैकी काहीही नसेल तर ती परत करावी. स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन, पारा वा कॅलोमेल अशी नावे दिसली तर वैद्यांना विचारल्यावाचून लावू नये. नवे मलम प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस किंवा कानामागे थोडेसे लावून चार-पाच दिवस पाहावे. आग, खाज वा लाली न आल्यासच चेहऱ्यावर न्यावे. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी, म्हणजे गुण वा दोष कुणाचा ते कळते.

काही खुणा मात्र घरगुती उपायांच्या पलीकडच्या असतात. मुरूम खोल, दुखरे आणि व्रण सोडणारे असतील, खाज रात्री साऱ्या घराला सुटत असेल, एखादा तीळ वाढत वा रंग बदलत असेल, तर विलंब करू नये. विशेषतः अंगावर फिकट चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर तो मलमाखाली झाकू नये. तो कुष्ठरोग असू शकतो, त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत उपचार होतात आणि वेळीच घेतल्यास तो पूर्ण बरा होतो. आदिलाबादेतील राजीव गांधी वैद्यकीय संस्थेचे रुग्णालय आपल्या हाताशी आहे. तेथे जाण्यात कसलाही संकोच नसावा.

आणि ज्या मलमात स्टिरॉइड आहे असा संशय येईल ते बरेच दिवस वापरले असल्यास एकाएकी बंद न करता नळीसह डॉक्टरांकडे जावे, हे अनुभवाने सांगतो.

आमच्या त्या मुलीचा चेहरा निवळायला वर्षाहून अधिक काळ लागला. लग्न ठरल्या तिथीस झाले. छायाचित्रांत तिच्या गालांवरचे लाल चट्टे स्पष्ट दिसतात. छायाचित्रकाराने ते पुसून देतो म्हटले, तेव्हा तिने नको म्हणून सांगितले. आता तिच्या कोनाड्यात तीन डब्या असतात: सासूबाईंसाठी दाट मलम, स्वतःसाठी सौम्य, आणि लहान्यासाठी खोबरेल तेल. तिच्या मुलीचा रंग तिच्यासारखाच आहे. बारशाला आलेल्या एका बाईंनी ‘‘रंग पुढे उजळेल हं,’’ असे म्हटले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘‘तो चांगलाच आहे, मावशी.’’

आम्ही शेजारीच बसलो होतो. या वेळी आम्ही तिच्या बाजूने मान डोलावली.